जो गाडी खोलन, तो गाडीत बसन

चंपत गजभियेच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी होती. उभा असला तर या पायावरून त्या पायावर, बसला तर गुडघा हलतोय, जेवताना निम्म्यातच उठून दाराशी जाऊन येणार. या जवायाला पाटावर बसवला तर आधी पाट झिजतो, असं त्याची सासू चारचौघांत म्हणायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी त्याने भंडाऱ्याकडचं गाव सोडलं आणि बायकोला घेऊन भिलाई गाठली. तिथे कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. दोन वर्षं झाली, तरी खुर्सीपारच्या झोपडीत आपण अजून पाहुणेच आहोत असं त्याला वाटे.

त्याचे पाय थांबायचे ते फक्त गाडीखाली. ठेकेदाराच्या मोटारयार्डात तो रोजंदारीवर फिटर होता. एकदा गाडीखाली सरकला की तासन् तास हलायचा नाही.

त्या श्रावणात त्याच्या पुढ्यात एक जीप आली. लढाईत वापरलेली, पुढे लिलावात विकलेली, चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी. उन्हाळाभर तिने सर्व्हेवाल्यांना इमानेइतबारे फिरवलं, पण पाऊस लागला आणि हथखोजकडच्या काळ्या कन्हार मातीत ती पोटावर बसू लागली. चारही चाकं फिरताहेत, गाडी जागची हलत नाही, आणि सर्व्हेचे विजयकुमार साहेब पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून धक्का मारताहेत, असं आठवड्यातून तीनदा व्हायचं.

यार्डाचे मुख्य मिस्त्री भाऊराव नागपूरच्या रेल्वे वर्कशॉपात केस पांढरे करून आलेले. त्यांनी मोडीत पडलेल्या एका मिलिटरी ट्रकचे चार मोठे टायर काढून आणले. रिम तेवढीच, सोळा इंची. टायर मात्र चांगले उंच आणि रुंद. चाकं चढली, पण स्टीअरिंग फिरवलं की टायर मडगार्डला घासायचा, आणि खड्ड्यात गाडी दबली की वर आदळायचा.

"गाडी उचला लागते," भाऊराव म्हणाले. "चंपत, तू खोल."

जीपचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगचे पट्टे, चाकांच्या धुऱ्याखाली बांधलेले असतात. तेच धुऱ्याच्या वर नेऊन बांधले की गाडी पाच इंच वर येते. ऐकायला सोपं आहे, पण पाच इंचांनी गाडीचा सगळा संसार बिघडतो. चंपतने रेल्वेच्या स्लीपरांवर जीप चढवली आणि तो चार दिवस तिच्या पोटाखाली राहिला. पाट्यांना बसायला धुऱ्यावर नव्या बैठका वेल्डिंग करून घेतल्या. इंजिनाकडून मागे जाणारा शाफ्ट तिरका झाला म्हणून पाचरी घालून धुरा किंचित वर वळवला. स्टीअरिंगचा दांडा तापवून वाकवला. शेवटी गाडी जमिनीवर उतरवली आणि ब्रेकचे रबरी पाईप पाहिले. चौकटीवरून धुऱ्याकडे जाणारे दोन पाईप, एक पुढे, एक मागे. ताणले होते, पण दोन बोटांची ढील होती. ठीक आहे, म्हणून तो बाहेर आला.

भाऊरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. "उभी त बरी दिसून राहिली," एवढंच बोलले. चंपतला तेवढ्याने दिवसभर पुरलं.

आता यार्डाचा एक कायदा होता, आणि तोही भाऊरावांचाच. जो गाडी खोलन, तो गाडीत बसन. ज्याने गाडी दुरुस्त केली त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. मग रस्ता कितीही वाईट असो, तुम्हाला ताप असो की घरी बारसं असो. आपलं काम आपल्या जिवाखाली घेऊन बसलं की माणूस नट नीट आवळतो, असं म्हाताऱ्याचं साधं गणित होतं. दोन वर्षांत चंपतने तो कायदा एकदाही मोडला नव्हता.

पण जीपची पहिली फेरी सोमवारी निघाली, आणि त्याच सोमवारी भरती कार्यालयात त्याचा नंबर होता. कारखान्याची पक्की नोकरी, फिटरची. पक्की नोकरी म्हणजे सेक्टरमधलं क्वार्टर, आणि क्वार्टर म्हणजे नळ. सेक्टर दहामध्ये नवी घरं उठत होती तेव्हा त्याची बायको कमला तिथे घमेली वाहायला होती. एका रिकाम्या क्वार्टरात शिरून तिने नळ फिरवून पाहिला होता. पाणी आलं नाही, नुसती हवा फुसफुसली. तरी त्या रात्री तिने नवऱ्याला तो नळ चारदा सांगितला. रोज पहाटे अर्ध्या कोसावरच्या विहिरीवर जाऊन ती डोक्यावर तीन हंडे आणायची. नोकरी झाली की तिच्या डोक्यावरचे ते हंडे उतरणार होते.

जीप चालवणारा होता कवडू, कमलाचा सख्खा मोठा भाऊ. चंपत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळी यार्डात आला आणि जीपभोवती घिरट्या घालू लागला, तेव्हा कवडूने त्याला बाजूला घेतलं.

"जवाई, तुमी लाईनीत जा. मी हाव ना गाडीत!"

"पण भाऊ, कायदा..."

"कायदा परक्यासाठी असते. घरच्या घरात कायचा कायदा? जा, कमलीले नळ दाखवा."

चंपतने भाऊरावांकडे पाहिलं. म्हातारा दुसरीकडे पाहू लागला. त्यालाही मुलंबाळं होतीच. विजयकुमार साहेब आपली दुर्बीण पेटीत घालून पुढे बसले, कवडूने हॉर्न दिला आणि जीप उंच टाचांवर चालल्यासारखी डुलत फाटकाबाहेर गेली.

दहा वाजता कार्यालय उघडलं. चंपतचा नंबर चौदावा. तीन माणसं आत जाऊन येईपर्यंत त्याने चपलेने जमिनीत एक खळगा पाडला. मागे उभा असलेला चिंधू तुमसरकडचा, गप्पिष्ट गडी. तो म्हणाला, "दादा, जरा सीधा उभा राह्य ना. मले चक्कर येऊन राहिली तुये पाय पाहून."

पण आजची घालमेल नेहमीची नव्हती. नोकरीची धाकधूक होती, ती त्याला कळत होती. तिच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. तो मनातल्या मनात पुन्हा जीपखाली सरकला. यू-बोल्ट आवळले होते. पाचरी बसल्या होत्या. दांडा घासत नव्हता. मग काय?

समोर नव्या इमारतीसाठी पाया खणलेला होता. त्याच्या काठावर कुणीतरी एक शेळी खुंटीला बांधली होती. दोर बऱ्यापैकी लांब, शेळी निवांत चरत होती. चरता चरता तिचा मागचा पाय ओल्या कडेवरून घसरला आणि ती खड्ड्यात उतरली. सपाटीवर पुरणारा दोर खड्ड्यात पुरेना. मान वर ताणली गेली, जीभ बाहेर आली. चहाच्या टपरीवरचे भय्याजी धावले आणि त्यांनी दोर सोडला.

लाईनीतले लोक हसले. चंपत मात्र त्या ताणलेल्या दोराकडेच पाहत राहिला.

पाईप त्याने पाहिले होते ते गाडी चाकांवर उभी असताना, यार्डाच्या सपाट फरशीवर. दोन बोटांची ढील सपाटीवरची होती. खड्डा आला की चाक खाली लोंबतं, धुरा चार बोटं उतरतो, आणि पाईप चौकटीला बांधलेला तिथेच राहतो. तुटणारच. आणि त्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला तेल एकच. एक पाईप तुटला की सगळं तेल जमिनीवर आणि पायाखालचा पेडल नुसता लाकडाचा तुकडा. सकाळभर साहेब हथखोजच्या माळावर खुंट्या ठोकणार होते. दुपारी नाल्याची उतरण उतरून पलीकडे जायचं होतं, आणि ती उतरण भल्याभल्यांना पायी उतरतानाही देव आठवायला लावी.

"नंबर नऊ!" आतून आवाज आला.

पाच माणसं. फार तर तासाभराचं काम. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं शहाणे म्हणतात, आणि चंपतला ते पाठ होतं. तो एक पाऊल पुढे गेला, दोन पावलं मागे आला. मग त्याने खिशातली बोलावण्याची चिठ्ठी काढून चिंधूच्या हातात कोंबली.

"माहा नंबर आला त सांग, येऊन राहिला म्हणून."

"अरे, पण कुठं जाऊन राहिला?"

चंपत भय्याजींच्या सायकलवर बसलाही होता. भय्याजींना विचारायचं राहून गेलं.

वाटेत यार्ड होतं. मोडक्या ट्रकचे ब्रेकपाईप जीपच्या पाईपांपेक्षा वीतभर लांब होते आणि पेच तोच होता, हे त्याला ठाऊक होतं. त्याने दोन पाईप काढले, तेलाचा डबा घेतला, पाना कमरेला खोवला. भाऊराव बघत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"लोंबतं चाक पाह्यलं नाई का?"

"नाई."

"मंग पळ."

डांबर दीड मैलाने संपलं. पुढे कन्हार. सायकलच्या चाकांत माती अशी भरली की चाक फिरेना. त्याने सायकल खांद्यावर घेतली, मग एका बाभळीला टेकवून सोडून दिली आणि चालू लागला, मग पळू लागला. एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली, दुसरी त्याने स्वतःच फेकली. इस्त्रीच्या शर्टाची तर रया गेली. भीती एकच होती, आणि ती पावलागणिक मोठी होत होती. कमलाला काय सांगायचं? नळासाठी तुझा भाऊ नाल्यात घातला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

माळ चढून तो वर आला तेव्हा जीप दिसली. नाल्याच्या अलीकडे, शेताच्या बांधाजवळ, एका मोठ्या वारुळात नाक खुपसून उभी होती. मडगार्ड चेपलेलं. शेजारी सामान उतरवायला आलेला ट्रक. साहेब आणि कवडू दोघेही आपापल्या पायांवर उभे होते. चंपतला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

साहेब कवडूवर बरसत होते. "देखकर नहीं चला सकते? पत्थर पर चढ़ा दी! लॉगबुक में लिखूँगा मैं, ड्राइवर की लापरवाही!"

"गलती हो गई साहब," कवडू मान खाली घालून म्हणाला. "पत्थर नहीं दिखा. पाइप उसी से कट गया."

चंपत थेट गाडीखाली गेला. पुढचा पाईप मधोमध तुटला होता. दोन्ही टोकं ओढून पातळ झालेली. दगडाने कापलेला पाईप असा दिसत नाही, हे कवडूलाही कळत होतंच. वीस वर्षं गाड्या हाकल्या होत्या त्याने.

चंपत बाहेर आला. "साहब, पत्थर नहीं था. पाइप छोटा था. मैंने गाड़ी ऊँची की और पाइप वही रखा. गलती मेरी है."

साहेब दोघांकडे आळीपाळीने पाहू लागले. कवडूचा चेहरा पडला. बारा वर्षांत त्याने बहिणीच्या नवऱ्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

"कावून आला तू? आं? माही रोजंदारी, गेली त गेली. दुसरा ठेकेदार पाह्यला असता. तुही पक्की होऊन राहिली होती. पेडल खाली गेला अन् मले समजलं, तुयावर येते आता. म्हून म्या दगड सांगतला. अन् तू पळत आला, पाणी फिरवाले!"

चंपतने खाली बसून पाना काढला.

अर्ध्या तासात दोन्ही पाईप बदलले गेले. कवडू रागारागाने पेडल मारत होता, चंपत खालून पाईपांतली हवा काढत होता. मग चंपतने जॅक धुऱ्याला न लावता चौकटीला लावला. गाडी वर उचलली, एकेक चाक खाली लोंबू दिलं आणि प्रत्येक वेळी पाईप बोटांनी चाचपला. ढील होती. लोंबत्या चाकातही होती.

साहेब रागीट असले तरी माणूस वाईट नव्हता. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"तुम्हारा आज इंटरव्यू था ना? दफ़्तर दो बजे तक बैठता है. ट्रक वापस जा रहा है, बैठ जाओ. पहुँच जाओगे."

कवडूचा राग तिथेच उतरला. "बसा जवाई, बसा लवकर! गाडी आता ठीक हाय. मी नेतो नाल्यातून."

ट्रकचं इंजिन सुरू झालं. चंपतने एक पाय ट्रकच्या पायरीवर ठेवलासुद्धा. गाडी ठीक होती. त्याची खात्री होती. सकाळीही त्याची खात्रीच होती, आणि सकाळीही कवडूने हेच म्हटलं होतं, याच आवाजात. पायरीवरचा पाय त्याने खाली घेतला.

शहाण्या माणसाने ट्रक धरला असता. चंपत जीपमध्ये जाऊन बसला, कवडूच्या शेजारच्या जागेवर. साहेब मागे जाऊन बसले.

"जवाई..."

"चाला भाऊ. म्या खोलली हाय."

नाल्याची उतरण आली. जीप नाकावर झुकली, पुढचं डावं चाक एका खड्ड्यात पूर्ण लोंबलं आणि कवडूने पेडल दाबला. गाडी थांबली. उतरणीच्या मध्यावर, जागच्या जागी. पुन्हा सोडला, पुन्हा दाबला. मोठे टायर चिखल चावत खाली उतरले, गुडघाभर पाण्यातून गेले आणि पलीकडचा काठ चढले. वर गेल्यावर चंपतच्या लक्षात आलं की आपला गुडघा हलत नाहीये. किती वेळ हलला नव्हता कोण जाणे. तेव्हा दोन वाजून गेले होते.

संध्याकाळी दोघे खुर्सीपारला परतले. वाटेत बाभळीची सायकल घेतली, भय्याजींच्या शिव्या खाल्ल्या, त्यांच्याकडून त्यांचाच चहा घेतला. कमला दारात उभी होती. चिखलाने माखलेल्या नवऱ्याला पाहून ती घाबरली नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवून ठेवल्याचा आनंद होता.

"अवो, मले सारं ठाव हाय," ती म्हणाली. ती आज कार्यालयाच्या मागे उठणाऱ्या नव्या इमारतीवरच घमेली वाहत होती. "तुमचं नाव तीनदा पुकारलं. तुमी कुठंच नाई. म्या घमेलं ठेवलं अन् चिंधूच्या हातची चिठ्ठी घेऊन सरळ आत गेली. सांगतलं, हजर हाय म्हणून."

"तू?"

"मंग काय करू? बाबू हासला. नवरा कुठं हाय, विचारलं. म्या सांगतलं, त्यायनं गाडी खोलली होती, मंग ते गाडीतच असतीन. त्यायच्या यार्डाचा कायदाच हाय तसा. मंग मोठ्या साहेबानं चिठ्ठीवर लाल शाईनं लिवून देल्लं. दोन वळी लिवल्या, बरं!"

तिने भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागून चिठ्ठी काढली. दिवसभर पदराच्या गाठीत जपलेली, मग तसबिरीमागे ठेवलेली. तिला वाचता येत नव्हतं. चंपतने चिठ्ठी उजेडाकडे धरली. लाल शाईत सुबक अक्षर होतं: पुकारने पर अनुपस्थित. नाम काटा जाए.

"काय लिवलं, अवो?"

खोटं सांगायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण चंपतच्या मनात येऊन गेला. पण आजच्या दिवसात त्याला तेवढी ताकद उरली नव्हती.

"मी गैरहजर होतो, असं लिवलं. नाव कापलं, कमला."

तिने चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली. उलटीसुलटी पाहिली, जणू मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलेलं असेल. तिचे डोळे भरले. बाहेर हंड्याजवळ कवडू गुडघ्यापर्यंतचा चिखल धूत होता. मग चंपतने सगळं सांगितलं. शेळी, पाईप, वारूळ, दगडाचं खोटं, आणि ट्रकच्या पायरीवरून काढलेला पाय. कमला ऐकत राहिली. बाहेर तांब्यामागून तांब्या पाणी पडत होतं आणि कवडू बेसूर काहीतरी गुणगुणत होता.

ती त्या आवाजाकडे कान देऊन उभी होती.

"तो त हजर हाय ना," ती शेवटी म्हणाली.

मग पदराने डोळे पुसून ती दाराशी गेली आणि भावावर खेकसली, "दादा, पाणी जपून टाक! अजून लय दिवस मलेच भरा लागते."